शेवाळाची कणगी भरली, तरी इंधनाचे माप भरेल का?

वैशाख सरत आला की आदिलाबाद परिसरातील गावतळी आटू लागतात आणि उरल्यासुरल्या पाण्यावर हिरवी साय धरते. गुरे तोंडाने ती बाजूला सारून पाणी पितात. धुणे घेऊन आलेल्या बाया हाताने ती दूर लोटतात. या सायीचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात असंख्य एकपेशीय जीव दिसतात. हेच सूक्ष्मशैवाल. त्यातील प्रत्येक पेशी दिवसभर सूर्यप्रकाशावर साखर तयार करते आणि गरजेपेक्षा उरलेली साखर साठवून ठेवते. हिरव्या शैवालात हा साठा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. ज्वारीच्या दाण्यात आणि मक्याच्या कणसात जे पिष्ट असते, तेच हे पिष्ट.

जनुकीय अभियांत्रिकीच्या साहाय्याने शैवालातील हा साठा वाढविता येईल का, या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत गेली काही दशके काम सुरू आहे. पिष्टापासून साखर आणि साखरेपासून इथेनॉल मिळते, हे त्यामागील मुख्य कारण. वरवर पाहता हा विषय प्रयोगशाळेच्या चार भिंतींतला वाटतो. पण इथेनॉल कशापासून करायचे आणि त्यासाठी कोणाचे पाणी वापरायचे, हा प्रश्न या भागाला नवा नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून निर्मल जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्यातील दिलावरपूर येथे होऊ घातलेल्या इथेनॉल कारखान्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनी निर्मल-भैंसा रस्ता रोखून धरला. पाणी, प्रदूषण आणि शेती यांची चिंता त्या विरोधाच्या मुळाशी होती. आंदोलन चिघळल्यानंतर कारखान्याचे काम थांबविण्यात आल्याचे प्रशासनाने जाहीर केले. दुसरीकडे, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे आणले आणि उसाबरोबरच मका व तांदूळ हेही इंधनाचा कच्चा माल ठरले. अन्नधान्याला हात न लावता, सुपीक जमीन न अडविता पिष्ट मिळाले तर सर्वांनाच हवे आहे. शैवालाकडून नेमकी हीच अपेक्षा आहे. ती कितपत रास्त आहे, हे समजून घेण्यासाठी आधी पेशीतील कणगी पाहावी लागेल.

साठा कशासाठी?

कापसाच्या पऱ्हाटीतही कर्बोदके असतात. पण ती झाडाला उभे ठेवणारी, लिग्निनच्या कठीण वेष्टनात अडकलेली कर्बोदके होत. त्यांच्यापासून साखर सुटी करणे अवघड आणि खर्चिक ठरते. साठ्याचे पिष्ट मात्र मुळातच लागेल तेव्हा मोडून वापरण्यासाठी केलेले असते. म्हणून ते विकरांच्या साहाय्याने सहज साखरेत रूपांतरित होते आणि यीस्ट त्या साखरेचे इथेनॉल करते. १ किलो पिष्टापासून सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त सुमारे ०.७२ लिटर इथेनॉल मिळू शकते.

शैवालाच्या दृष्टीने मात्र हा साठा इंधनासाठी नसतो. तो रात्रीसाठी असतो. सूर्य मावळला की साखर तयार होणे थांबते, परंतु पेशीचे जगणे थांबत नाही. दिवसा भरलेली कणगी रात्री उपसली जाते आणि पहाटेपर्यंत ती बरीच रिकामी होते. क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाची पेशी साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. तिच्या हरितलवकात पिष्टाचे कण साचतात. नील-हरित जीवाणूंनाही सोयीसाठी सूक्ष्मशैवालांत गणले जाते. ते पिष्टाऐवजी ग्लायकोजेन साठवतात. रचना थोडी निराळी, काम तेच.

हा साठा वाढविण्याचा एक जुना उपाय जनुकांना हात न लावताही करता येतो. शैवालाचे नत्र तोडले की पेशीला नवी प्रथिने बनविता येत नाहीत, त्यामुळे तिचे विभाजन थांबते. प्रकाश मात्र येतच असतो आणि साखर तयार होत असते. वाढीला वाट न मिळालेला हा माल मग पिष्टाच्या किंवा तेलाच्या रूपाने साचतो. पेशी लठ्ठ होते, पण पेशींची संख्या वाढत नाही. कणगी भरते, पण घर वाढत नाही. जनुकीय अभियांत्रिकीपुढचे कोडे हेच आहे: घर वाढत असतानाच कणगीही भरावी, हे कसे साधायचे?

नाक्यावरचे विकर

साखरेपासून पिष्ट होण्याच्या वाटेवर एक महत्त्वाचा नाका आहे. एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज असे लांबलचक नाव असलेले विकर तेथे बसलेले असते. ग्लुकोजच्या एका रूपाला ते ऊर्जा खर्च करून साठ्यासाठी तयार करते. पुढची विकरे असे ग्लुकोज एकापुढे एक जोडून साखळी लांबवितात, तिला फांद्या फोडतात आणि नको त्या फांद्या छाटून दाणा घडवितात. नाक्यावरचे विकर आंधळेपणाने काम करीत नाही. प्रकाशसंश्लेषणाचा माल मुबलक असला की त्याच मालातील तीन कर्बाणूंचा एक रेणू त्याला चालना देतो. मोकळे फॉस्फेट वाढले की ते मंदावते. घरात किती आले आहे हे पाहूनच साठवणीत टाकण्याची ही व्यवस्था होय.

या विकराचे महत्त्व क्लॅमिडोमोनासच्या उत्परिवर्तित वाणांनी दाखवून दिले. विकराचा एक भाग घडविणारे जनुक निकामी झालेल्या वाणात पिष्ट जवळजवळ तयारच होत नाही. अशा वाणाचे नत्र तोडल्यास काही प्रयोगांत त्यात तेलाचे प्रमाण वाढलेले आढळले. एक वाट बंद झाली की माल दुसऱ्या वाटेने वळतो, असा त्याचा अर्थ. नील-हरित जीवाणूंचा अनुभव आणखी बोलका आहे. ग्लायकोजेन बनविण्याची क्षमता काढून घेतलेल्या पेशी नत्राच्या टंचाईत सेंद्रिय आम्ले बाहेर टाकू लागतात. ठेवायला जागा नसली की माल अंगणात सांडतो, तसाच हा प्रकार.

साठा घटविण्यापेक्षा तो वाढविणे अधिक कठीण आहे. त्यासाठी चार मार्ग चोखाळले जात आहेत. पहिला, नाक्यावरचे विकर अधिक प्रमाणात किंवा कमी लगामाचे बनविणे. दुसरा, साठा मोडणारी विकरे मंद करणे. तिसरा, पेशीने साठवण कधी सुरू करायची हे ठरविणारी नियंत्रक जनुके बदलणे, म्हणजे नत्र न तोडताच टंचाईचा इशारा देणे. चौथा मार्ग साठ्याकडे न पाहता प्रकाशाकडे पाहतो. दाट पाण्यात वरच्या थरातील पेशी गरजेपेक्षा अधिक प्रकाश पकडतात आणि त्यातील बराचसा उष्णतेच्या रूपाने वाया घालवितात. खालच्या पेशी अंधारात राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अनास्तासिओस मेलिस यांनी प्रकाश पकडणाऱ्या हरितद्रव्याचा पसारा आखडलेले वाण अभ्यासले. वरच्याने थोडे कमी घेतले, तर खालच्यालाही मिळते, ही त्यामागील कल्पना.

पहिल्या मार्गाचा धडा शैवालाने नव्हे, बटाट्याने दिला. १९९२ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी नाक्यावरच्या विकराचे जीवाणूतील कमी लगामाचे जनुक बटाट्यात घातले आणि कंदातील पिष्ट वाढल्याचे दाखविले. १९९६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी तोच बदल केलेल्या दुसऱ्या वाणाचे मोजमाप घेतले. तेथे पिष्ट बनण्याचा वेग वाढला होता, पण ते मोडण्याचा वेगही वाढला होता. शिल्लक जवळपास तेवढीच राहिली. एका हाताने कणगीत टाकावे आणि दुसऱ्या हाताने उपसावे, तसे झाले. एक जनुक बदलले म्हणजे पेशीचा सारा संसार त्यामागे निमूटपणे येतो, असे नाही.

पवई तलावातील पाहुणा

या क्षेत्रातील एक महत्त्वाचे भारतीय काम मुंबईत झाले आहे. पवई तलावाच्या पाण्यातून आयआयटी मुंबई येथील प्रा. प्रमोद वांगीकर यांच्या गटाने नील-हरित जीवाणूचा एक नवा वाण वेगळा केला. सिनेकोकोकस इलाँगेटस पीसीसी ११८०१ असे त्याचे नाव. ‘पीसीसी’ ही पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जीवाणू-संग्रहाची खूण. २०१८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. अनुकूल परिस्थितीत हा वाण सुमारे २.३ तासांत दुप्पट होतो, उच्च तापमान सहन करतो आणि त्यात बाहेरची जनुके घालता येतात. पुढे याच वाणात बदल करून सक्सिनिक आम्ल हे उद्योगाला उपयोगी रसायन बनविण्याचे प्रयोग झाले.

या शोधाचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे अनेक वाण सौम्य प्रकाशात व नियंत्रित तापमानात वाढविलेले असतात. भारतीय उन्हात ते टिकतीलच असे नाही. येथील तलावातून आलेला वाण येथील उन्हाशी परिचित असतो. शिवाय आधीच वेगाने वाढणाऱ्या वाणात बदल केला, तर वाढ थोडी मंदावली तरी हाती पुरेसे उरते. साठवण वाढविण्याआधी वाढ तगडी हवी, हा त्यामागील विचार आहे.

टक्क्यांचा भुलावा

शैवालाविषयीच्या बातम्यांत बहुधा टक्केवारी झळकते: ‘पिष्टाचे प्रमाण दुप्पट’. येथेच वाचकाने थोडे थांबावे. टक्केवारी हा कोरड्या वजनातील वाटा असतो. एकूण वजन किती मिळाले, हे त्यातून कळत नाही.

एक साधे गणित पाहू. १ हेक्टरचे उथळ तळे आहे आणि त्यात दर चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम कोरडे शैवाल मिळते, असे धरू. उघड्या तळ्यासाठी हा आकडा चांगला, पण आवाक्यातला आहे. म्हणजे दिवसाला १५० किलो शैवाल. त्यात ३० टक्के पिष्ट असेल तर ४५ किलो पिष्ट, म्हणजे कागदावर सुमारे ३२ लिटर इथेनॉल. आता जनुकीय बदलाने पिष्टाचा वाटा ५० टक्क्यांवर गेला, पण वाढ ८ ग्रॅमवर घसरली असे समजू. शैवाल ८० किलो, पिष्ट ४० किलो, इथेनॉल सुमारे २९ लिटर. वाटा वाढला आणि उत्पन्न घटले. वाढ १५ ग्रॅमवर कायम राखून वाटा ५० टक्के झाला, तरच पिष्ट ७५ किलो आणि इथेनॉल ५४ लिटर होते. म्हणून संशोधनाचा खरा मापदंड टक्का नसून, दर चौरस मीटरमागे दररोज मिळणारे पिष्ट हा आहे, आणि तेही अनेक महिने सातत्याने.

जमिनीच्या हिशेबात शैवालाचे पारडे जड आहे, हे मान्य करायला हवे. हेक्टरी ५ टन मका आला आणि टनामागे सुमारे ३८० लिटर इथेनॉल धरले, तर एका हंगामात १,९०० लिटर होतात. वरचे तळे न बिघडता वर्षातील ३०० दिवस चालले, तर जनुकीय बदलाविनाही कागदावरचा आकडा ९,००० लिटरच्या पुढे जातो. शैवालाचे आकर्षण येथून येते. पण कागदावरचे तळे आणि आदिलाबादच्या उन्हातले तळे यांत अंतर आहे.

आदिलाबादच्या उन्हात

या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तर थंडीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. बहुतेक शैवालांना २० ते ३५ अंशांचा पट्टा मानवतो. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होणे असाधारण नाही. १ हेक्टर तळ्यासाठी ते दिवसाला १ लाख लिटर पाणी होते, आणि हाती येते ३०-५० लिटर इथेनॉल. मक्याचे पीकही पाणी पितेच. पण तळ्याला ते ऐन टंचाईत, रोज लागते. गोड्या पाण्याच्या तळ्यांचा विचार या भागात करताना दिलावरपूरचा प्रश्न पुन्हा तसाच समोर उभा राहतो. म्हणूनच खाऱ्या किंवा सांडपाण्यात वाढणाऱ्या वाणांकडे आणि समुद्रकाठाकडे या क्षेत्राचा ओढा आहे.

पुढची अडचण गोळा करण्याची. उघड्या तळ्यात १ लिटर पाण्यात बहुधा अर्धा ग्रॅमच्या आसपास शैवाल असते. १५० किलो मिळविण्यासाठी रोज ३ लाख लिटर पाणी गाळावे लागेल. त्यातील बहुतेक पाणी तळ्यात परतते, पण पंप व गाळणीची वीज परत येत नाही. मक्याचे कणीस हाताने मोडता येते. शैवालाचे पीक पाण्यातून उपसावे लागते.

तिसरी गरज कार्बन डायऑक्साइडची. १ किलो कोरड्या शैवालासाठी साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेतून तो पुरेशा वेगाने मिळत नाही, म्हणून कारखान्याच्या धुराची जोड सुचविली जाते. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातीलच मंचेरियाल भागात, जयपूर येथे सिंगरेणी कंपनीचे १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांच्या शेजारी शैवाल वाढविण्याची कल्पना शास्त्रीयदृष्ट्या चुकीची नाही. परंतु धुरातून शोषलेला कर्ब इथेनॉल जाळताच हवेत परततो. फायदा होतो तो वाचलेल्या पेट्रोलापुरताच.

या साऱ्या अडचणींपुढे मोठे भांडवलही टिकलेले नाही. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जीनोमिक्स कंपनीबरोबर शैवालापासून इंधन बनविण्यासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी जाहीर केली. २०१७ मध्ये या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एक नियंत्रक जनुक बदलून नॅनोक्लोरोप्सिस शैवालातील तेलाचा वाटा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर नेला, आणि तोही वाढ फारशी न घटविता. विषय तेलाचा असला तरी कोडे तेच होते आणि प्रयोगशाळेत ते मोठ्या प्रमाणात सुटले होते. तरीही २०२२ च्या अखेरीस एक्सॉनमोबिलने या प्रकल्पाचा निधी थांबविला. जनुकाने आपले काम केले. इंधनाचा भाव मात्र जनुकाच्या हाती नव्हता.

बीटीच्या गावात नवा प्रश्न

जनुकीय बदल म्हणजे काय, हे आदिलाबादच्या कापूस उत्पादकांना सांगण्याची गरज नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि काही वर्षांतच या काळ्या जमिनीत दुसरे बियाणे दिसेनासे झाले. हिरव्या बोंडअळीचा उपद्रव कमी झाला, हे खरे. पण गुलाबी बोंडअळी बीटीच्या विषाला सरावली आणि फवारणी परत आली, हेही तितकेच खरे. मान्यता नसलेले, तणनाशक सहन करणारे ‘चोर बीटी’ बियाणे चोरवाटेने विकले जाऊ लागले. एका गुणाने एक प्रश्न सुटतो आणि निसर्ग व बाजार मिळून दुसरा उभा करतात, हा गेल्या दोन दशकांचा अनुभव आहे.

शैवालाच्या बाबतीत पहिला प्रश्न पसरण्याचा. कापसाचे शेत बांधाने वेगळे करता येते. तळ्यातले शैवाल वाऱ्याने, पाखरांच्या पायांनी, पुराच्या पाण्याने दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी सफायर एनर्जी कंपनीबरोबर, पर्यावरण संरक्षण संस्थेच्या परवानगीने, जनुकीय बदल केलेले शैवाल उघड्या तळ्यांत ५० दिवस वाढविले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदललेले शैवाल आसपास ठेवलेल्या पाण्यात पोहोचले, परंतु स्थानिक शैवालांवर त्याने मात केली नाही. हे आश्वासक आहे. पण एका वाणाचे, एका जागेचे, ५० दिवसांचे उत्तर सर्व वाणांना आणि सर्व ऋतूंना लागू करता येत नाही. ज्या पेशीची कणगी रात्रीही उपसली जात नाही, ती रानटी पेशीपुढे दुबळीच ठरावी, असा तर्क करता येतो. पण तेव्हा उलटी अडचण येते: मालकाच्या तळ्यातही रानटी शैवाल शिरून तिला मागे टाकू शकते.

भारतात जनुकीय बदल केलेले जीव, सूक्ष्मजीवांसह, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांच्या कक्षेत येतात. ते उघड्यावर सोडायचे असतील, तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीकडे जावे लागते. चोर बीटीचा अनुभव सांगतो की कागदावरचा नियम आणि बांधावरची देखरेख यांत अंतर पडू शकते. आणि शैवालाला तर बांधच नसतो.

तेव्हा मक्याऐवजी शैवाल, असा बदल या जिल्ह्याच्या दारात आज उभा नाही. पण ‘दुप्पट पिष्टाचे शैवाल’ घेऊन उद्या कोणी आले, तर गावाने विचारायचे प्रश्न सोपे आहेत. रोज चौरस मीटरमागे किती ग्रॅम पिष्ट, आणि सलग किती महिने? पाणी गोडे की खारे, आणि मे महिन्यात ते कोठून येणार? गाळण्यास लागणारी वीज मिळणाऱ्या इंधनापेक्षा कमी आहे का? तळे पुरात फुटले तर जबाबदार कोण? यांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर त्या शैवालाचा विचार जरूर करावा. पेशीतील कणगी मोठी करण्याची विद्या बऱ्याच अंशी हाती येऊ लागली आहे. गावतळ्याच्या आटत्या पाण्याचे गणित मात्र कोणत्याही जनुकात लिहिलेले नाही. ते गावानेच मांडायचे आहे.